स्कोलीन संपलेली रात्र: रिलॅक्संट लवकर चढवायचा तर तुम्ही काय करता?

रातपाळी
भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या बाहेरच्या पोस्टिंगवर. परवाची केस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय, मोठं होईल, सांभाळून घ्या.

रात्री दीडला परफोरेशन (पोटात आतडं किंवा जठर फुटलेलं) आलं. पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, वजन ७८, दोन दिवस दुखणं अंगावर काढलेलं, पोट फळीसारखं कडक, पल्स १३०, बीपी कसंबसं ९६. सलाईन चालू होतं, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घातलेली होती. फ्रिज उघडला तर स्कोलीनच्या (ट्यूब टाकण्याआधी स्नायू झटकन लुळे करणारा रिलॅक्संट) व्हायलच्या तळाशी अर्धा एमएल सुद्धा नव्हतं. रॉक्युरोनियमची (दुसरा रिलॅक्संट, आमच्या बोलण्यात रॉक) एक व्हायल होती, ५० मिग्रॅची. म्हटलं चला रॉकवर करू. तीन मिनिटं ऑक्सिजन दिला, थोडं फेंटानिल, भुलीचं प्रोपोफोल हात आखडून दिलं आणि अख्खी व्हायल रॉक. रॉक जाताना त्यांनी हात असा झटकला की ब्रदरला मनगट दाबून धरावं लागलं. मग घड्याळाकडे बघत साठ सेकंद मोजले आणि स्कोप घातला. जबडा सैल होता पण कॉर्ड्स (स्वरयंत्राचे पडदे) हलत होत्या, मला वाटलं जाईल, ट्यूब टेकवली आणि ते जोरात खोकले. हिरवं पाणी घशात वर आलं. डोकं खाली, सक्शन, परत मास्क, सॅच्युरेशन ८४ पर्यंत आलं. आणखी चाळीसेक सेकंदांनी कॉर्ड्स उघड्या होऊन थांबल्या आणि ट्यूब अलगद गेली.

छातीत काही गेलं नाही, ट्यूबमधून सक्शन केलं तर कोरडं, दुसऱ्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ. पेशंट आता वॉर्डात बसून चहा मागतोय. पण ती चाळीस सेकंदं मला विसरता येत नाहीत.

तर विचारायचं असं की स्कोलीन नसेल किंवा देता येत नसेल तर रिलॅक्संट लवकर चढावा म्हणून तुम्ही खरोखर काय करता? प्रायमिंग, एफेड्रिन, मॅग्नेशियम सगळं वाचलंय पण प्रत्यक्षात कुणाला करताना पाहिलं नाही. जरा सविस्तर सांगा.

माणदेशी
आधी एक सांगतो, पेशंट चहा मागतोय ना, मग तू त्या वेळी जे केलंस ते बरोबर केलंस. डोकं खाली घेऊन आधी सक्शन केलंस आणि ट्यूब रेटत बसली नाहीस, हे पुष्कळांना सुचत नाही.

आता हिशोब करू. ५० भागिले ७८ म्हणजे किलोला ०.६४ मिग्रॅ. हा रॉकचा नेहमीचा डोस झाला, ठरवलेल्या केसमध्ये दीड मिनिट, कधी दोन मिनिटं थांबायला वेळ असतो तेव्हाचा. साठ सेकंदांत कॉर्ड्स हव्या असतील तर किलोला १.२ लागतात. तुझ्या पेशंटला ९४ मिग्रॅ झाले असते, म्हणजे जवळजवळ दोन व्हायल. घड्याळ तू १.२ चं लावलंस आणि औषध दिलंस अर्ध्या डोसचं, तुझी गफलत झाली ती इथे. पेशंट जाड असेल तर मात्र रॉकसाठी त्याच्या उंचीला शोभेल ते वजन धरायचं, स्कोलीनसाठी काट्यावरचं.

दुसरं, सलाईन कुठे लावलं होतं आणि किती नंबरच्या कॅन्युलाने, ते लिही. मला वाटतं निम्मी गोष्ट तिथे आहे.

रातपाळी
सर, वॉर्डातून आलेलीच लाईन होती, २२ नंबर, डाव्या हाताच्या मागे, निळी. ड्रिप थेंब थेंब चालू होती. दुसरी लाईन इंडक्शननंतर (भूल चढवल्यावर) लावली.

एकच व्हायल आहे म्हणून एकच दिली हे इतक्या सरळ शब्दांत मी स्वतःशी कबूल केलं नव्हतं. वजनाला गुणायचं डोक्यातच आलं नाही, व्हायल म्हणजे डोस असंच धरून चालले.

माणदेशी
बघ मग. दोन दिवस उलट्या होऊन शरीर सुकलेलं, हातपाय थंड, रक्त सगळं आत ओढलेलं, आणि औषध आपण देतोय हाताच्या मागच्या बारीक शिरेत. ते औषध तिथेच रेंगाळणार. रक्ताबरोबर हृदयात जाऊन स्नायूपर्यंत पोचायला जो वेळ लागतो तोच मुळात वाढलेला. म्हातारी माणसं, हार्ट फेल्युअरवाले, शॉकमधले, सगळ्यांना रिलॅक्संट उशिरा चढतो तो यामुळे. लहान मुलांना झटकन चढतो तोही यामुळेच.

म्हणून माझा नेम असा. कोपरातली मोठी शीर, १८ नंबर, इंडक्शनच्या आधी. सलाईन पूर्ण सोडलेलं. रिलॅक्संट गेला रे गेला की मागून १०-२० एमएल फ्लश आणि हात वर उचलून धरायचा. याला पैसा लागत नाही आणि धोका शून्य. सगळी औषधं नंतर, आधी हे.

शॉकमधल्या पेशंटला आणखी एक, भुलीचं औषध कमी कर पण रिलॅक्संट कमी करू नकोस, उलट थोडा जास्त दे. आपल्याकडे घाबरून दोन्ही कमी केलं जातं. आणि केटामिन असेल तर अशा वेळी ते काढ, बीपी आणि हृदयाचा जोर टिकतो, म्हणजे रिलॅक्संट सुद्धा वेळेत पोचतो.

हात झटकला ते रॉकचंच. शिरेत फार झोंबतं ते, भूल हलकी असली की माणूस हात ओढून घेतो. आधी थोडं झायलोकेन (बधिर करणारं) शिरेतून दिलं तर कमी होतं. अशा झटक्यात २२ नंबरची कॅन्युला शिरेबाहेर आली असती तर अर्ध औषध कातडीखाली, ते वाचलं हे नशीब.

रिसेप्टर
मी फार्माकॉलॉजी शिकवते, ओटीत जाणं आता होत नाही, पण यामागचं कारण इतकं सुंदर आहे की राहवत नाही.

मुलं मला नेहमी विचारतात की जास्त ताकदवान औषध लवकर का चढत नाही. उलटंच होतं. व्हेक्युरोनियम (व्हेक, आणखी एक रिलॅक्संट) रॉकच्या सहापट ताकदवान, ९५ टक्के लुळेपणा यायला व्हेक किलोला ०.०५ मिग्रॅ लागतं आणि रॉक ०.३. तरी व्हेकला तीन मिनिटं लागतात आणि रॉक त्याच्या निम्म्यात. सिसअॅट्राक्युरियम ताकदवान म्हणून आणखी हळू.

असं समजा की मंगल कार्यालयात पंगत बसायची आहे आणि प्रत्येक पाटावर आपला माणूस बसवायचाय. स्नायूवर रिसेप्टर म्हणजे ते पाट, आणि ते गरजेपेक्षा खूप जास्त मांडलेले असतात. पाऊण पाट भरेपर्यंत स्नायूला काही कळतच नाही, तो जोमात हलतो. नव्वदच्या पुढे भरले की मग पूर्ण लुळा. आता दारातून एकदम सहाशे माणसं सोडली तर पाट पटापट भरतील, शंभरच सोडली तर तीच माणसं हळूहळू आत झिरपत जाणार. ताकदवान औषधाचे रेणू मुळात कमी, म्हणून पाट भरायला वेळ. रॉकचे रेणू जास्त, म्हणून घाई जमते. डोस दुप्पट केला की वेळ कमी होतो तोही याच कारणाने, जादू काही नाही.

हे कळल्यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मुद्दाम कमी ताकदीची औषधं शोधायचे प्रयत्न झाले. रॉक १९९४ मध्ये आलं. त्याहून कमी ताकदीचं आणि जवळजवळ स्कोलीनच्या वेगाचं रॅपाक्युरोनियम १९९९ मध्ये अमेरिकेत आलं, पण श्वासनळ्या आवळून जायला लागल्या म्हणून २००१ मध्ये बाजारातून काढून घेतलं.

सह्याद्री_०७
मी प्रायमिंगच्या बाजूने लिहितो, कारण इथे कुणी लिहिणार नाही असं दिसतंय. मुख्य डोसचा दहावा भाग आधी द्यायचा, तीन मिनिटं थांबायचं, मग उरलेला. ६० किलोच्या माणसाला रॉक साडेतीन मिग्रॅ आधी, मग बाकीचं. रिसेप्टर मॅडमच्या भाषेत थोडे पाट आधीच भरून ठेवायचे. जिथे व्हेकच आहे तिथे तीन मिनिटांचं दीड मिनिटावर येतं, मी स्वतः नर्व्ह स्टिम्युलेटर (नसेला बारीक झटका देऊन स्नायू किती हलतो ते दाखवणारं यंत्र) लावून पाहिलंय. ठरवलेल्या केसमध्ये, तरुण निरोगी पेशंटला, मी अजूनही करतो. शिकवतोही.

माणदेशी
सह्याद्री सर, ठरवलेल्या केसमध्ये घाई कशाला हा माझा प्रश्न आहे. तिथे मास्कने श्वास देत आपण तीन मिनिटं आरामात थांबू शकतो. घाई आहे ती पोट भरलेल्या पेशंटला, आणि नेमका तिथेच प्रायमिंगचा घात आहे.

माझा अनुभव सांगतो, नव्वदीच्या सुरुवातीचा. तेव्हा प्रायमिंग जोरात होतं, मीही करायचो. एका शाळेतल्या बाई होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन. व्हेकचा दहावा भाग दिला आणि गप्पा मारत थांबलो. मिनिटभराने म्हणाल्या, डॉक्टर, मला दोन दोन दिवे दिसतायत. मी म्हटलं औषधाचं आहे, घाबरू नका. मग आवाज बदलला, नाकात बोलल्यासारखा. पापण्या खाली आल्या. मग त्यांनी माझं बोट धरलं आणि गळ्याकडे खूण केली, थुंकी गिळता येत नव्हती. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली. शुद्धीत होत्या, सगळं कळत होतं, आणि गळा ऐकत नव्हता. मी ताबडतोब पेंटोथाल (भुलीचं औषध) दिलं, पुढे सगळं नीट झालं. पण ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी राऊंडला गेलो तर बाई म्हणाल्या, काल मला वाटलं मी बुडतेय.

त्या दिवसानंतर मी प्रायमिंग केलं नाही. पेशंटचे पाट किती भरलेले आहेत हे आपल्याला बाहेरून कळत नाही, कुणाला दहावा भागही जड जातो. आणि पोट भरलेल्या माणसाचं रक्षण करणारा गळाच आपण आधी लुळा करतो, तोही तो जागा असताना.

टायमिंगची पद्धत म्हणतात तीही तसलीच, रिलॅक्संट आधी द्यायचा आणि पापण्या पडायला लागल्या की भूल द्यायची. मधे लाईन बंद पडली तर जागा माणूस लुळा पडलेला, त्याला ओरडताही येणार नाही. मी कुणाला शिकवत नाही.

सह्याद्री_०७
बाईंची गोष्ट वाचून थांबलो. मी विचारायचो नाही पेशंटला, हे खरंय. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारायला हवं होतं. यापुढे शिकवताना हे सांगेन, आणि इमर्जन्सीत करू नका असं तर स्पष्टच.

थेम्सकाठी
मी मूळची कोल्हापूरची, गेली बारा वर्षं इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ. एफेड्रिन आणि मॅग्नेशियमबद्दल लिहिते.

एफेड्रिन किलोला ७० मायक्रोग्रॅम इंडक्शनच्या आधी दिलं तर रॉक थोडं लवकर चढतं, हे नीट दाखवलं गेलंय, आणि हृदय मंद करणारं एस्मोलॉल दिलं तर उशिरा चढतं हेही. कारण वर माणदेशी सरांनी सांगितलं तेच, रक्त जोरात फिरलं की औषध लवकर पोचतं. पण तुझ्या पेशंटची पल्स आधीच १३० होती, त्याला आणखी पळवून काय मिळणार होतं? हृदयविकार असलेल्याला तर नकोच. त्याला सलाईन आणि गरज पडली तर नॉरअॅड्रेनॅलिन, तेच त्याचं एफेड्रिन.

मॅग्नेशियम किलोला ६० मिग्रॅ, पंधरा मिनिटांत ड्रिपमधून, मग रॉक. चढायला दोन मिनिटं लागायची तिथे सव्वा मिनिटाच्या आसपास लागतात, साध्या डोसला. पण पंधरा मिनिटं आधी सुरू करावं लागतं, बीपी उतरतं आणि रिलॅक्संट लांबतो. म्हणजे इमर्जन्सीत उपयोग नाही. फक्त एक ध्यानात ठेव, एक्लॅम्पशियाची (गरोदरपणात बीपी वाढून झटके येणारी) बाई मॅग्नेशियमवर आधीच असेल तर रॉक किंवा व्हेक तिला नेहमीपेक्षा बराच वेळ टिकणार, सिझर संपलं तरी ती उठणार नाही, तेव्हा स्टिम्युलेटर लावल्याशिवाय ट्यूब काढायची नाही.

आमच्याकडे आता पुष्कळ ठिकाणी रॉक १.२ आणि जवळ सुगामाडेक्स (रॉकचा परिणाम उलटवणारं औषध) असा रिवाज आहे. युरोपात ते २००८ पासून आहे. रॉक दिल्यावर लगेच उलटवायचं तर किलोला १६ मिग्रॅ लागतं. तुझ्या पेशंटला १२४८ मिग्रॅ, २०० च्या सात व्हायल. मध्यरात्री सात व्हायल फोडून सिरिंजमध्ये भरायला किती वेळ लागतो ते एकदा रिकाम्या व्हायलवर करून बघ.

आणि स्कोलीन पाच-दहा मिनिटांत उतरतं म्हणून ते सुरक्षित, हा समज मनातून काढून टाक. ट्यूबही जात नाही आणि मास्कनेही हवा जात नाही अशी वेळ आली तर स्कोलीन उतरण्याआधी सॅच्युरेशन धोक्याच्या खाली गेलेलं असतं, निरोगी माणसाचंही. तिथे वाचवतं ते आधी भरलेला ऑक्सिजन आणि गळ्यावर ब्लेड चालवायची तयारी.

रातपाळी
मॅडम, सात व्हायलचं वाचून पोटात गोळा आला. आमच्या फ्रिजमध्ये सुगामाडेक्स दोन आहेत.

ऑक्सिजन मी तीन मिनिटं दिला होता पण मास्क नीट बसला नव्हता बहुतेक, दाढी होती आणि राईल्स ट्यूबमुळे एका बाजूने फटीतून हवा जात होती. बॅग नीट फुगत नव्हती ते आठवतंय. तेव्हा लक्ष औषधांकडे होतं.

माणदेशी
मग तेच तर. तू रिलॅक्संटचे तीस सेकंद वाचवायचे मार्ग विचारतेयस आणि ते विचारायलाच हवेत, पण मास्कच्या त्या फटीतून तुझी चार मिनिटं निघून गेली. धडधाकट माणसाला पूर्ण ऑक्सिजन भरला तर श्वास थांबल्यावर सात-आठ मिनिटं सॅच्युरेशन टिकतं. जाड माणूस, गरोदर बाई, पोट फुगलेला पेशंट, यांना दोन-तीन मिनिटंच मिळतात, आणि मास्क गळका असेल तर तेवढीही नाहीत.

घट्ट मास्क, दोन्ही हातांनी धरायचा, बॅग प्रत्येक श्वासाला हलली पाहिजे. गॅस मॉनिटरवर श्वासातून बाहेर पडणारा ऑक्सिजन दिसत असेल तर ९० च्या वर जाईपर्यंत थांबायचं, घड्याळाकडे बघून नव्हे. टेबलाची डोक्याकडची बाजू २०-२५ अंश वर. नाकात नळी घालून १५ लिटर, ती ट्यूब टाकतानाही चालूच ठेवायची. राईल्समुळे फट पडते तिथे ओलं गॉझ दाबून धरायला सिस्टरला सांगायचं.

आणि सॅच्युरेशन ९२ च्या खाली यायला लागलं तर हळू, कमी दाबाने, दोन-चार श्वास मास्कने द्यायचे. पोट भरलेल्याला मास्कने अजिबात श्वास द्यायचा नाही हे आम्ही पाठ केलेलं, पण ८४ ला बघत बसण्यापेक्षा ते बरं. पोटातलं वर येऊ नये म्हणून क्रिकॉइड (गळ्यातली कूर्चा) दाबायची पद्धत सेलिक साहेबांनी १९६१ मध्ये सांगितली, त्यावर आज दोन मतं आहेत, मी दाबायला सांगतो आणि दिसायला अडचण झाली की सोडायला सांगतो.

ओटी_सिस्टर
मी बावीस वर्षं ओटीत आहे, डॉक्टरांच्या चर्चेत बोलायचं धाडस करते.

आमच्याकडे लाईट गेली की फ्रिज तासन् तास बंद असायचा. स्कोलीन आणि रॉक दोन्ही २ ते ८ डिग्रीला लागतात. बाहेर राहिलेलं स्कोलीन पुन्हा आत ठेवलं की दिसायला तसंच दिसतं, पण जोर गेलेला असतो, आणि मग डॉक्टर म्हणतात पेशंट रेझिस्टंट आहे. आम्ही आता व्हायलवर बाहेर काढल्याची तारीख पेनने लिहितो. व्हेक पावडर असते म्हणून ती उन्हाळ्यातही टिकते, खेड्यात सगळीकडे तीच दिसते ती यामुळेच.

आणखी एक पाहिलेलं सांगते. एका ठिकाणी पेंटोथाल दिलं आणि त्याच लाईनमधून लगेच व्हेक. नळीत पांढऱ्या कवड्या झाल्या, दही फुटल्यासारख्या, आणि लाईन तिथल्या तिथे जाम. पेशंट झोपलाय आणि रिलॅक्संट नळीतच अडकलाय. तेव्हा मी दुसरी शीर शोधत होते आणि डॉक्टर बॅग दाबत होते. रॉकचंही पेंटोथालबरोबर असंच होतं. मधे सलाईनने नळी धुवायला अर्धा मिनिट पण लागत नाही, धुवायचीच.

रातपाळी ताई, तुम्ही एकट्या नव्हता, आम्ही सिस्टर लोकांनीही सांगायला हवं होतं की मॅडम एकच व्हायल आहे. स्टॉक आमच्या हातात असतो.

गोदाकाठ
मी डॉक्टर नाही, नांदेडला दुकान आहे. पुढच्या महिन्यात आईचं हर्नियाचं ऑपरेशन आहे म्हणून शोधता शोधता इथे आलो आणि सगळं वाचलं. एक विचारू का. माझ्या मोठ्या काकांना पंधरा वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर चार-पाच तास श्वास आला नव्हता, मशीनवर ठेवलं होतं, डॉक्टर म्हणाले भुलीच्या इंजेक्शनचा परिणाम आहे, पुढे कधी भूल दिली तर सांगा. आम्ही आर्य वैश्य. आईचा आणि काकांचा रक्ताचा संबंध नाही म्हणा, पण आजी (काकांची आई) आणि आईची आई चुलत बहिणी होत्या. हे सांगायचं असतं का?

रिसेप्टर
सांगायचंच, दादा, आणि भूलतज्ज्ञांना भेटल्यावर पहिल्या वाक्यात सांगा. स्कोलीन रक्तातल्या एका एन्झाइममुळे मोडतं, त्याला स्यूडोकोलिनएस्टरेज म्हणतात. काही जणांमध्ये जन्मतःच ते फार कमी किंवा कामाचं नसतं, मग दहा मिनिटांत उतरणारं औषध काही तास टिकतं. आर्य वैश्य समाजात हे इतर समाजांपेक्षा जास्त दिसतं, हे भारतातल्या अभ्यासांत नोंदवलेलं आहे. आई आणि वडील दोघांकडून तो जनुक आला तर त्रास होतो, म्हणून काकांच्या सख्ख्या भावंडांना जास्त धोका, तुमच्या वडिलांना आणि तुम्हालाही. तुमच्या आईच्या बाजूने नातं आहे म्हणता तर तिलाही तपासून घ्या. रक्ताची साधी तपासणी होते, महाग नाही.

माणदेशी
गोदाकाठ, मॅडम म्हणाल्या ते बरोबर. घाबरायचं कारण मात्र नाही. स्कोलीन टाळलं की प्रश्नच संपतो, आणि चुकून दिलं गेलं तरी झोपेत ठेवून मशीनने श्वास देत राहिलं की ते आपोआप उतरतं. काकांच्या डॉक्टरांनी तेच केलं. तपासणीचा कागद घरातल्या सगळ्यांच्या फाईलला लावून ठेवा. आणि आईला सांगा की तोंडावर मास्क ठेवतील तेव्हा तो ढकलायचा नाही, खोल खोल श्वास घ्यायचे, तेवढा ऑक्सिजन त्यांच्याच कामी येतो. कवळी असेल तर आधी काढून द्यायची, एखादा दात हलत असेल तर सांगायचं.

कापूसपट्टा
यवतमाळकडे कॅज्युअल्टीत मेडिकल ऑफिसर आहे. आमच्याकडे फवारणीचं औषध प्यायलेले किंवा फवारताना विषबाधा झालेले पेशंट हंगामात रोज येतात. ट्यूब टाकावीच लागते, तोंडातून फेस, छातीत पाणी भरल्यासारखं. स्कोलीन दिलं तर चालतं का? आम्ही देत आलोय.

थेम्सकाठी
ऑर्गनोफॉस्फरस विष त्याच एन्झाइमला बंद पाडतं ज्याने स्कोलीन मोडतं. वर गोदाकाठ यांच्या काकांचं जे जन्मतः, ते इथे विषाने झालेलं असतं. स्कोलीन चढेल लवकर, पण उतरायला तास लागतील. तुमच्या पेशंटला तसंही व्हेंटिलेटरवर जायचंय, त्यामुळे जीवघेणं नाही, पण विषाने स्नायू कमजोर झालेत की स्कोलीनने, हे कळेनासं होतं. रॉक असेल तर रॉक द्या. रॉकला मात्र विषाचा उलटा जोर लागतो, नेहमीपेक्षा जास्त डोस लागू शकतो, १.२ च्या खाली जाऊ नका. आणि अॅट्रोपिन, सक्शन आधी. फेसातून कॉर्ड्स दिसत नाहीत.

स्कोलीन कुठे नकोच तेही सांगते. भाजलेल्याला दुसऱ्या दिवसापासून पुढे, मणक्याला मार लागून पाय गेलेल्याला, बरेच दिवस आयसीयूत पडून असलेल्याला, पोटॅशियम वाढलेल्याला. पोटॅशियम एकदम चढतं आणि हृदय थांबतं. लहान मुलग्यांना निदान न झालेला स्नायूंचा आजार असला तरी तेच, म्हणून मुलांमध्ये ते नेहमीसाठी वापरत नाहीत.

कापूसपट्टा
समजलं. रॉकची मागणी आजच लिहितो.

रातपाळी
सर, एक राहिलं. मी साठ सेकंद घड्याळ बघितलं. स्टिम्युलेटर असता तर अंगठा बघितला असता, ते जास्त बरोबर का?

रिसेप्टर
अंगठ्यापेक्षा भुवई बघ. स्वरयंत्राचे स्नायू आणि श्वासपटल यांना रक्तपुरवठा जास्त, म्हणून औषध तिथे अंगठ्याच्या आधी पोचतं, पण ते चिवटही असतात, त्यांना लुळं करायला डोस जास्त लागतो. भुवई आक्रसणारा स्नायू बराचसा स्वरयंत्रासारखा वागतो. चेहऱ्यावर इलेक्ट्रोड लावून भुवईची हालचाल थांबली की कॉर्ड्सही थांबल्यात असं धरायला हरकत नाही. अंगठ्याची वाट पाहिली तर उगाच उशीर होतो. मात्र शेवटी ट्यूब काढताना अंगठाच बघायचा, तो सगळ्यात उशिरा परततो.

माणदेशी
आणि स्टिम्युलेटर नसेल तर जबडा सैल झाला म्हणून स्कोप घालू नकोस. जबडा प्रोपोफोलनेही सैल होतो. डोस पूर्ण दिलेला असला पाहिजे आणि शॉकचा पेशंट असेल तर साठवर आणखी पंधरा-वीस सेकंद मोज. ती वीस सेकंदं मोजायला हिंमत मिळते ती आधी भरलेल्या ऑक्सिजनमुळेच.

रातपाळी
काल रात्री पुन्हा कॉल होता. सिझर, बाळाचे ठोके उतरलेले, आईने दोन तासांपूर्वी जेवलेलं, प्लेटलेट इतक्या कमी की पाठीत सुई घालायची सोय नाही. स्कोलीन आलं नव्हतं अजून. वजन ६२.

कोपरात १८ नंबर लावली, सलाईन मोकळं सोडलं. उजव्या बाजूखाली उशी, डोकं वर, नाकात नळी. मास्क दोन्ही हातांनी धरला, बॅग हलतेय ना हे सिस्टर मोठ्याने सांगत होत्या. रॉक ७४ मिग्रॅ, दीड व्हायल, दोन्ही व्हायल आधीच सिरिंजमध्ये भरून वर डोस लिहिलेला. केटामिन, मग रॉक, मग वीस एमएल फ्लश आणि हात वर. साठ सेकंद, आणि मी आणखी दहा मोजले. कॉर्ड्स उघड्या, पांढऱ्या, बिलकूल न हलणाऱ्या. सॅच्युरेशन ९९ वरून खाली आलंच नाही. बाळ रडलं तेव्हा मी ट्यूब बांधत होते.

फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय, ५० किलोपासून ९० किलोपर्यंत, प्रत्येक वजनापुढे रॉक किती एमएल आणि किती व्हायल.

ओटी_सिस्टर
तो कागद फोटो काढून इथे टाका ताई. आमच्या फ्रिजलाही लावते. आणि रॉक कायम चार तरी ठेवा म्हणून रजिस्टरमध्ये लाल पेनने लिहून घ्या.

रातपाळी
चार नाही सिस्टर, सहा लिहिलेत.